क्रूझवरच्या फॉर्मल नाइटसाठी बाबांनी सूट शिवायलाच हवा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंनी आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत म्हणून सप्टेंबरात बार्सिलोनाहून निघणारी, भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ बुक केली आहे. एजंट म्हणाला, ‘दोन रात्री फॉर्मल आहेत, सूट नाहीतर टक्सिडो (बो टाय लावून घालायचा काळा सूट) लागेल, नसेल तर डायनिंग रूममध्ये घेत नाहीत.’ बाबा बँकेतून निवृत्त झालेले, जन्मभर शर्टपँट आणि फार तर सफारी घातलेली. आई साडीशिवाय काही वापरत नाहीत. सूट शिवायला टाकावा का, आईंना गाउन घ्यावा का आणि दारातून खरंच परत पाठवतात का, असं ताईंनी विचारलंय.

मी मोठ्या प्रवासी बोटींच्या डायनिंग रूममध्ये असिस्टंट वेटर म्हणून लागलो, पुढे हेड वेटर झालो आणि शेवटची काही वर्षं मेत्र डी, म्हणजे डायनिंग रूमचा प्रमुख, होतो. तुम्हाला ज्या दाराची धास्ती वाटतेय त्या दारात संध्याकाळी उभा असणारा माणूस मीच. त्यामुळे उत्तर आधी देऊन टाकतो : सूट नको, गाउन तर मुळीच नको. आईंची एखादी चांगली रेशमी साडी आणि बाबांना एक बंदगळा, एवढ्यावर दोन्ही फॉर्मल रात्री थाटात पार पडतील. काळजी करायचीच असेल तर उरलेल्या पाच रात्रींची करा. आपल्या लोकांचं अडतं ते तिथे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

आधी कंपनी कोणती ते बघा. एजंटने तुम्हाला ‘फॉर्मल’ एवढंच सांगितलं, पण प्रत्येक कंपनीचं फॉर्मल वेगळं असतं. एका टोकाला क्युनार्ड. त्यांच्या ‘क्वीन मेरी २’वर साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क हा सात रात्रींचा प्रवास केलात तर त्यात साधारण दोन ‘गाला’ संध्याकाळी येतात. त्या रात्री पुरुषांनी डिनर जॅकेट, टक्सिडो किंवा टाय लावून गडद सूट घालावा अशी अपेक्षा असते, आणि लोक ती आनंदाने पाळतात. कित्येक जण तिकीट काढतात तेच त्यासाठी. शिवाय तिथे हा नियम जेवणाच्या खोलीपुरता नसतो. संध्याकाळी सहानंतर बोटीच्या बऱ्याचशा भागाला तो लागू असतो. ज्यांना नटायचं नाही त्यांच्यासाठी बफे, ‘गोल्डन लायन’ हा पब आणि अशा काही जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात. पण इतक्या कडक क्युनार्डच्या नियमातही औपचारिक राष्ट्रीय पोशाख चालतो असं स्पष्ट लिहिलेलं आहे. स्कॉटलंडचे लोक किल्ट घालून येतात, मग आपली साडी आणि बंदगळा का नाही चालणार?

दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन. त्यांनी २००० साली ‘फ्रीस्टाइल’ नावाने पद्धतच बदलून टाकली : ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, फॉर्मल रात्रीची सक्ती नाही. व्हर्जिनच्या बोटींवर ड्रेस कोड असा नाहीच, फक्त एका रात्री सगळ्यांनी लाल घालायचं अशी गंमत असते. व्हायकिंगच्या समुद्री बोटींवर नीटनेटके कपडे पुरतात, टायची अपेक्षा नसते.

बाकीच्या कंपन्या या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात, आणि तुमच्या आईबाबांची बोट बहुधा त्यांच्यापैकीच असणार. प्रिन्सेसवर सात रात्रींत दोन फॉर्मल रात्री असतात. कार्निव्हल त्यालाच ‘क्रूझ एलिगंट’ म्हणते. सेलेब्रिटीने २०१५च्या अखेरीस ‘फॉर्मल’ काढून ‘इव्हनिंग शिक’ आणलं. हॉलंड अमेरिकाने ‘गाला’चं ‘ड्रेसी’ केलं. नावं सौम्य होत गेली तसे नियमही सैल होत गेले. रॉयल कॅरिबियनवर फॉर्मल रात्री अजून आहेत, पण त्या रात्री दारातून आत येणाऱ्या पुरुषांकडे बघितलंत तर टक्सिडोवाले क्वचित दिसतील, सूटवाले बरेच, आणि नुसता फुल शर्ट नि चांगली पँट घातलेलेही पुष्कळ. एमएससी आणि कोस्टा या इटालियन वळणाच्या कंपन्या. त्यांच्याकडे एखाददुसरी गाला रात्र असते आणि बहुतेक वेळा एक पांढऱ्या कपड्यांची रात्रही असते. कंपन्या हे नियम दर एकदोन वर्षांनी बदलतात, म्हणून बुकिंगच्या कागदावर बोटीचं नाव बघा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोटीचं ड्रेस कोडचं पान स्वतः वाचा. पाच मिनिटांचं काम आहे. एजंटने ऐकीव सांगितलेलं असतं.

(मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’वर जायचं असतं तर हे सगळं लिहावंच लागलं नसतं. तिथे रोजचे चांगले कपडे नेले की झालं.)

आता फॉर्मल रात्री नेमक्या कधी येतात? पहिल्या रात्री कधीच नाही. बोटीवर चढताना मोठ्या बॅगा तुम्ही धक्क्यावर हमालांच्या ताब्यात देता आणि त्या केबिनच्या दाराशी येता येता संध्याकाळ होते, कधी जेवणाची वेळही टळून जाते. लोकांकडे कपडेच नसतील तर नटणार काय? शेवटच्या रात्रीही नाही, कारण त्या रात्री बॅगा परत भरून बाहेर ठेवायच्या असतात. ही पद्धत आजची नाही. पत्र्याच्या आणि चामड्याच्या ट्रंका घेऊन लोक महिनामहिना बोटीने जात, तेव्हापासून पहिल्या आणि शेवटच्या रात्री पहिल्या वर्गातही जेवणासाठी नटायचं नाही असा संकेत होता.

राहिल्या मधल्या रात्री. ज्या दिवशी बोट दिवसभर समुद्रात असते, कुठल्याच बंदराला लागत नाही, शक्यतो त्याच दिवशी फॉर्मल रात्र ठेवतात. बंदराच्या दिवशी माणसं रोम नाहीतर पालेर्मो पायाखाली घालून सहा वाजता दमून परत येतात. त्यांना तासाभरात नटून या म्हणणं शक्य नसतं. समुद्राच्या दिवशी वेळच वेळ असतो, ब्यूटी पार्लरही भरतं, आणि बोटीचे फोटोग्राफर जिन्याखाली पडदे लावून उभे राहतात. त्या फोटोंची विक्री हा बोटीच्या कमाईचा भाग आहे, हे लक्षात असू द्या. फोटो काढून घ्यायला पैसे पडत नाहीत, प्रत घ्यायला पडतात आणि ती महाग असते. घेतलीच पाहिजे असं काही नाही. कॅप्टनचं स्वागताचं संमेलनही बहुधा पहिल्या फॉर्मल रात्रीच असतं. तिथे शॅम्पेन फिरते, ज्यूसही असतं. संसर्गाच्या भीतीने हल्ली बरेच कॅप्टन हस्तांदोलन टाळतात. आईंनी नमस्कार केला तर उलट नमस्कार मिळेल, आणि त्या दोघांचा फोटोही छान येईल.

त्या त्या संध्याकाळचा ड्रेस कोड आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो, आता कंपनीच्या ॲपवरही येतो. बाबांना ॲप जमत नसेल तर केबिन स्टुअर्डला विचारावं. त्याला सगळं माहीत असतं.

मुळात हा प्रकार जपायचा तरी कशाला, असं तुम्ही विचाराल. ताई, प्रवास संपला की प्रवाशांचे अभिप्राय आमच्यापर्यंत यायचे. त्यात कपड्यांवरून दोन्ही बाजूंनी तक्रारी असायच्या. अर्धे म्हणायचे, सुट्टीवर आलोय, टाय कसला लावायला सांगता. अर्धे म्हणायचे, आम्ही मुद्दाम नटून आलो आणि शेजारच्या टेबलावर हाफ पँट. दुसऱ्या गटातली माणसं वयाने मोठी, पुन्हा पुन्हा येणारी आणि महागड्या केबिन घेणारी असायची. कंपनी कोणाचं ऐकणार हे सांगायला नको. म्हणून तोडगा असा निघाला की ज्याला नटायचं नाही त्याच्यासाठी वरच्या डेकवरचा बफे सातही रात्री उघडा, आणि ज्याला नटायचंय त्याच्यासाठी खालची डायनिंग रूम. नियम बोटीला नसतो, त्या खोलीला आणि त्या वेळेला असतो. क्युनार्ड सोडली तर बहुतेक सगळीकडे असंच आहे.

यात आपली माणसं एक चूक करतात. कपड्यांचं आणि काट्याचमच्यांचं दडपण घेऊन सातही रात्री बफेतच जेवतात. १८८८च्या सप्टेंबरात गांधीजी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने विलायतेला निघाले, तेव्हा त्यांचंही असंच झालं होतं. काटेसुरी वापरता येत नाही, कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा संकोच, म्हणून ते केबिनमध्येच सोबत नेलेली मिठाई आणि फळं खायचे. बोटीवर काळा सूट घातला आणि उतरतानासाठी पांढरा फ्लॅनेलचा राखून ठेवला. विलायतेत उतरले तर सप्टेंबर संपत आलेला आणि सगळ्या धक्क्यावर पांढऱ्या कपड्यातले ते एकटेच! तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि विचारणार कोणाला असा प्रश्न होता. आज तुमच्या बाबांना ती अडचण नाही. डायनिंग रूमच्या दारात उभा असलेला हेड वेटर मडगावचा किंवा रत्नागिरीचा निघण्याची शक्यता चांगली आहे. गोव्यातल्या घराघरातून माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जातात.

आणि खुद्द साहेबही उकाड्यापुढे नमला होताच की. बॅलार्ड पिअरवरून निघालेल्या बोटी एडन ओलांडून तांबड्या समुद्रात शिरल्या की वातानुकूलन नसलेल्या त्या काळात लोकरी डिनर जॅकेट अंगावर ठेवणं अशक्य व्हायचं. तेव्हा जॅकेट काढून ठेवायचं आणि पांढरा उघड्या गळ्याचा शर्ट, काळी पँट, कमरेला कमरबंद एवढ्यावर जेवायला बसायचं, अशी रीत पडली. तिला ‘रेड सी रिग’ म्हणतात. ब्रिटिश नौदलात आणि वकिलातींमध्ये ती अजून चालते. मला ही रीत फार आवडते. बोटीवरचे कपड्यांचे नियम कायम हवा, सामान आणि माणसांची सोय बघून वाकत आलेत, याचा हा पुरावा.

आता दारातून परत पाठवतात का? हो, पाठवतात, पण ज्या कारणासाठी पाठवतात ते ऐकलंत तर तुमची काळजी मिटेल. मी ज्यांना थांबवलं ते पोहण्याच्या कपड्यांत आलेले, बिनबाह्यांचं गंजीफ्रॉक घातलेले पुरुष, रबरी चपला, अनवाणी, आणि हाफ पँट. टाय नाही म्हणून मध्यम दर्जाच्या बोटीवर मी कोणाला परत पाठवल्याचं आठवत नाही. थांबवायचीही एक पद्धत असते. चारचौघांत बोलायचं नाही, बाजूला घ्यायचं, ‘सर, तुमचं टेबल मी राखून ठेवतो, केबिनमध्ये जाऊन पँट बदलून या, सूप येईपर्यंत पोहोचाल’ असं सांगायचं. काही बोटींवर आम्ही दारामागच्या कपाटात दोनचार जादा जॅकेटं ठेवत असू. बॅग विमानतळावरच हरवली असेल तर आधी मेत्र डीला सांगा. कोणी अडवत नाही, उलट मदतच करतात.

बाबांचे कपडे. सूट शिवू नका, कारण तो ते परत घालणार नाहीत आणि पहिल्यांदा घालणाऱ्याच्या अंगावर सूट अवघडलेला दिसतो. माणूस सारखा गळपट्टीत बोट घालत राहतो. त्याऐवजी काळा, गडद निळा किंवा गडद राखाडी बंदगळा शिवा, त्याच रंगाची पँट, आतून पांढरा शर्ट. टाय बांधायची कटकट नाही, आणि घरातल्या पुढच्या प्रत्येक लग्नात तो वापरला जाईल. नसेल शिवायचा तर रेशमी किंवा टसरचा कुर्ता, चुडीदार नाहीतर सरळ पायजमा, वर नेहरू जॅकेट. हेही उत्तम. सफारी? अर्ध्या बाह्यांची सफारी उरलेल्या पाच रात्रींसाठी अगदी योग्य आहे, फॉर्मल रात्रीसाठी नाही. पायात काय, हा मात्र नाजूक प्रश्न. कुर्त्यावर कोल्हापुरी ही आपल्याला शोभणारी गोष्ट, पण दारावरच्या फिलिपिनो किंवा रोमेनियन पोराला त्यात उघडी चप्पल दिसते, आणि त्याला शिकवलेलं असतं की संध्याकाळी पुरुषांची उघडी चप्पल नको. वाद घालून तुम्ही जिंकाल, पण जेवणाची मजा जाईल. मोजडी किंवा साधे काळे बूट घाला. फेटा बांधायचा असेल, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे म्हणून, तर जरूर बांधा, फोटोही काढा. जेवायला बसताना काढून ठेवा, कारण मागच्या टेबलावरच्याला पुढचं दिसत नाही आणि दोन तास तो डोक्यावर जड होतो.

आईंचं तर मी काय सांगावं! फॉर्मल रात्री डायनिंग रूमच्या जिन्यावरून साडी नेसलेली बाई खाली उतरली की आजूबाजूचे गाउन फिके पडतात. हे मी भारतीय म्हणून म्हणत नाही, टेबलाटेबलांवरून ऐकलेलं सांगतोय. अमेरिकन म्हाताऱ्या हात लावून बघू का म्हणून विचारतात. पण बोटीवरची साडी जमिनीवरच्या साडीसारखी निवडून चालत नाही. डायनिंग रूम बहुधा खालच्या डेकवर आणि मागच्या अंगाला असते, खाली इंजिनाची थरथर जाणवते, समुद्र खवळला तर चालताना पाय चुकतो. म्हणून टाचा कमी उंचीच्या, आणि साडी घोट्याला टेकेल इतपतच खाली. फार वजनदार पैठणी नको. बॅगेचं वजनही वाढतं आणि घडीवर तिची जर मोडते. खळ दिलेली सुती साडी तर अजिबात नको, कारण बॅगेतून निघते ती चुरगळलेलीच. मऊ रेशीम, क्रेप, जॉर्जेट या साड्या घडीतून काढल्या की नेसता येतात. नऊवारी नेसता येत असेल तर बोटीवर तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही : निऱ्या पायात येत नाहीत, जिने चढता येतात, आणि नथ घातलीत तर त्या रात्रीचं सर्वांत देखणं टेबल तुमचंच. आणि तुमच्या बोटीवर काळ्यापांढऱ्या कपड्यांची रात्र असेल तर संक्रांतीची काळी चंद्रकळा कपाटातून काढायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही. वाढदिवसाच्या प्रवासात काळं नको वाटत असेल तर त्या रात्री खुशाल दुसरा रंग नेसा. रंगाची सक्ती कोणी करत नाही.

पदर खांद्यावर पिनेने नीट टाचायचा. वेटर तुमची खुर्ची मागून सरकवून देतो तेव्हा पदराचं टोक खुर्चीच्या पायाखाली हमखास येतं, आणि उठताना खांद्यावरची पीन तटकन सुटते. बसण्याआधी पदर पुढे मांडीवर घ्या, मग बसा. नंतर वेटर नॅपकिन उलगडून मांडीवर पसरायला वाकेल. आपल्या बायका तिथे दचकतात, काहीजणी रागावतातही. त्याला तसं शिकवलेलं असतं. हात पुढे केलात तर तो हातात देईल. डायनिंग रूम चांगलीच थंड असते, म्हणून एक शाल जवळ हवीच.

दागिने बेताचे न्या. केबिनमध्ये छोटी तिजोरी असते. पण जुनं, वजनदार सोनं घालून जाणार असाल तर भारतातून निघताना विमानतळावर कस्टम्सकडून त्याचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. नाहीतर परत येताना, हे बाहेर विकत घेतलं की घरून नेलं होतं, याचा हिशेब द्यावा लागतो.

आता त्या पाच रात्री. कार्यक्रमपत्रिकेत त्या ‘कॅज्युअल’ किंवा ‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणून येतात आणि आपली मंडळी ‘कॅज्युअल’ एवढंच वाचतात. फॉर्मल रात्री भारतीय माणूस चुकत नाही. लग्नाच्या रिसेप्शनला जायचे कपडे आपल्या प्रत्येक घरात असतात आणि तिथे कसं जायचं हे आपल्याला सांगावं लागत नाही. तसंच इथे यायचं. पण दुसऱ्या संध्याकाळी तोच काका थ्री-फोर्थ पँट, टूर कंपनीने दिलेला पिवळा टी-शर्ट आणि तीच टोपी घालून येतो, कारण दिवसभर तो त्याच वेशात बंदरावर फिरलेला असतो आणि त्याच्या मते आज फॉर्मल नाही. काकू गाउनवर ओढणी घेऊन आलेल्या असतात. आपल्याकडे गाउन म्हणजे दुपारी दारात भाजी घ्यायला चालणारा पोशाख. बोटीवरच्या इतरांना ते रात्री झोपायचे कपडे वाटतात. एकसारख्या टोप्या घातलेला चाळीस जणांचा सगळा ग्रुप आत शिरला की माझ्या हेड वेटरचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. तरीही बहुतेकदा आम्ही आत घ्यायचो. पण शेजारच्या टेबलांवरून नजरा वळायच्या, त्या नजरा आपल्या लोकांना कळायच्या आणि दुसऱ्या दिवसापासून ग्रुपचा अर्धा भाग बफेला पळायचा.

उपाय अगदी सोपा आहे. संध्याकाळी बोटीवर परत आलात की आंघोळ करा आणि कपडे बदला. बाबांना कॉलरचा शर्ट, पूर्ण लांबीची पँट, बूट. न फाटलेली गडद जीन्सही बहुतेक बोटींवर चालते. तीन शर्ट आणि दोन पँटी आलटून पालटून घातल्या तर पाचही रात्री निघतात. रोज कोण काय घालतं याची नोंद कोणी ठेवत नाही. आईंना साधी जॉर्जेटची साडी किंवा हवा तर पंजाबी ड्रेस. टोपी केबिनमध्ये. पगडी, स्कार्फ, हिजाब हे धर्माचं असेल तर त्याला कोणी काही म्हणत नाही.

एक गंमत सांगतो. तुमच्या प्रवासात चिवितावेक्कियाला बोट लागली आणि तिथून रोमला गेलात, तर सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर दारातूनच परत फिरावं लागतं. तिथला पहारेकरी टेबल राखून ठेवत नाही. पोशाखाच्या बाबतीत बोटीपेक्षा देऊळच कडक, हे आपल्याला नवीन नसावं.

इस्त्रीचं काय? घरून नेऊ नका. आगीच्या धोक्यामुळे केबिनमध्ये इस्त्री वापरायला बंदी असते, वाफेची छोटी इस्त्रीसुद्धा बहुतेक कंपन्या चालू देत नाहीत. सामान तपासताना ती काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. काही बोटींवर, प्रिन्सेस आणि क्युनार्डच्या उदाहरणार्थ, प्रवाशांसाठी कपडे धुवायची खोली असते आणि तिथे इस्त्रीचं टेबल असतं. फॉर्मल रात्रीच्या आधी मात्र तिथे रांग लागते. नसेल तर लाँड्रीत द्या, थोडे पैसे पडतात. पण पहिल्याच सकाळी द्या, आयत्या वेळी नाही. बंदगळा बॅगेत उलटा करून, मध्ये एखादा टॉवेल घालून घडी घाला, आणि बोटीवर पोहोचल्याबरोबर बाथरूममध्ये हँगरला लावून ठेवा. आंघोळीच्या वाफेने बऱ्याच सुरकुत्या जातात. आईंसाठी प्रत्येक साडीबरोबर तिचा ब्लाउज, परकर आणि पिना एकाच कापडी पिशवीत बांधा. परकर घरी राहिला म्हणून रडवेल्या झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि तो काही बोटीवरच्या दुकानात मिळत नाही.

पहिल्या दिवसासाठी हातातल्या बॅगेत संध्याकाळचा एक जोड, औषधं आणि आईंची एक साडी ठेवा. मोठी बॅग रात्री नऊला आली तरी जेवण अडणार नाही.

जेवणाची वेळ ठरवताना विचार करा. पहिली पंगत सहाच्या आसपास, दुसरी सव्वाआठ-साडेआठला. आपल्याला दुसरी सोयीची, आणि बंदराच्या दिवशी कपडे बदलायला वेळही मिळतो. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या आणि पहिल्या रात्री हेड वेटरला पुन्हा सांगा. तो दुसऱ्या दिवसाची ऑर्डर आदल्या रात्री घेतो. फॉर्मल रात्री इतर लोक लॉब्स्टर खात असतात, तेव्हा तुमच्यासमोर गरम भाजी आणि भात यायचा तर स्वयंपाकघराला एक दिवस आधी कळलेलं बरं. आणि लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे हेही त्याच वेळी सांगून ठेवा. छोटा केक येतो, वेटर मंडळी टेबलाभोवती गाणं म्हणतात. बाबांना असं चारचौघांत नको वाटत असेल तर तेही सांगा, मग केक केबिनमध्ये पाठवतात.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठ्या लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि मध्यरात्रीच्या सुमाराला त्या उचलल्या जातात. भरताना उद्या सकाळी उतरायचे कपडे आणि बूट आधी पलंगावर काढून ठेवा, मग बॅग बंद करा. दर प्रवासात एखादे गृहस्थ नाइट ड्रेस आणि केबिनमधल्या सपाता घालून गँगवेवरून उतरतातच.